एका आडनावाची कैफियत : ‘टेस’चे पुनर्वाचन

मे महिन्यातली संध्याकाळ. हातात अंड्यांची रिकामी टोपली घेऊन एक खेडूत घराकडे चालला आहे. घोडीवरून समोरून येणारा पाद्री त्याला ‘सर जॉन’ म्हणून शुभरात्र देतो. महिनाभरापूर्वीही त्याने असेच केले होते, म्हणून खेडूत या वेळी थांबून कारण विचारतो. गावोगावच्या वंशावळ्या धुंडाळण्याचा छंद असलेला तो पाद्री सांगतो की, तू जॉन डर्बीफील्ड नाहीस, तू डर्बरव्हिल आहेस. तुझा मूळ पुरुष विल्यम राजाबरोबर नॉर्मंडीहून आला. तुझे पूर्वज किंग्जबिअरच्या तळघरात संगमरवराखाली झोपले आहेत. मग आमची जमीन कुठे आहे, वाडे कुठे आहेत, असे जॉन विचारतो. तसे काहीच उरलेले नाही, असे उत्तर मिळते.

थॉमस हार्डीच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ या १८९१ सालच्या कादंबरीचा हा आरंभ. मी ती प्रथम एम.ए.च्या वर्गात वाचली. तेव्हा आम्हांला शिकवले गेले आणि आम्हीही परीक्षेत लिहिले ते असे : डर्बरव्हिल हे नाव म्हणजे टेसचे प्राक्तन; सडलेल्या सरदारी रक्ताचा वारसा तिला अखेर फासापर्यंत नेतो. पुढे बरीच वर्षे मीही वर्गात हेच सांगत आलो. गेल्या काही वर्षांत इंग्रजी आडनावांच्या इतिहासाच्या नादाला लागलो आणि त्या वाटेने कादंबरीकडे परत आलो, तेव्हा हे वाचन मला टिकेनासे झाले. टेसचा घात तिच्या आडनावाने केलेला नाही. आडनाव वाचता येते असे समजणाऱ्या माणसांनी तो केला आहे. ही माझी भूमिका प्रस्तुत लेखात मांडायची आहे; आणि त्यासाठी आधी त्या आडनावाचीच कैफियत ऐकली पाहिजे.

*

इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनाव ही तुलनेने उशिराची गोष्ट आहे. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले त्यापूर्वी तिथल्या माणसाला एकच नाव असे. गरज पडली तर बापाचे, गावाचे किंवा व्यंगाचे नाव ओळखीपुरते जोडले जाई आणि त्या माणसाबरोबरच ते मरे. नॉर्मन सरदारांनी आपल्या मूळ गावाचे नाव ‘द’ हा शब्दयोग लावून मिरवायला सुरुवात केली. जमीन बापाकडून मुलाकडे जायची तर नावही जायला हवे, हा त्यामागचा हिशेब. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या ‘कर’ प्रत्ययाचे काम तिथे ‘द’ करत होता. फक्त तो नावाच्या आधी येई. सरदारांपासून हा प्रघात हळूहळू खाली झिरपला आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडच्या बऱ्याच भागांत सामान्य माणसाचे आडनावही स्थिर होत आले. १३७७ ते १३८१ या काळात तीनदा डोईपट्टी बसवली गेली. तिच्या याद्यांत लोहार, दळणारे, विणकर ही माणसे आपापल्या आडनावांनिशी कागदावर आली. १५३८मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवणे भाग पडले.

या नोंदवह्यांत एक गोष्ट घडली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. नाव सांगणाऱ्याला बहुधा अक्षरओळख नसे. लिहिणारा कारकून कानाला येईल तसे लिही. खुद्द शेक्सपियरच्या उपलब्ध सह्यांतही नावाचे लेखन एकसारखे नाही; मग शेतमजुराची काय कथा? परका फ्रेंच शब्द तोंडातोंडी फिरत इंग्रजीत जो जवळचा शब्द सापडेल त्याचा आकार घेई. ‘सेंट मॉर’चे सीमोर झाले, ‘सेंट क्लेअर’चे सिंक्लेअर झाले. ‘सुंदर शेत’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाचा उच्चार इंग्लंडात ‘बीचम’ असा झाला. सरदारांनी उच्चार बीचम केला तरी लेखन जुने फ्रेंचच ठेवले. ज्यांच्याकडे लेखन राखायला दप्तर नव्हते त्यांचे नाव उच्चाराप्रमाणे लिहिले गेले. एकाच नावाची अशी दोन रूपे होतात, तेव्हा त्यांच्यात शुद्ध-अशुद्ध असा भेद नसतो. भेद असतो तो दप्तर असलेल्यांचा आणि नसलेल्यांचा.

डर्बरव्हिल आणि डर्बीफील्ड हा भेद नेमका असाच आहे. ‘व्हिल’ म्हणजे गाव. इंग्रजी कानाला त्याचे काही सोयरसुतक नाही, म्हणून त्याचे ‘फील्ड’, म्हणजे शेत झाले. हे हार्डीने कल्पनेने रचलेले नाही. डॉर्सेट परगण्यातल्या खऱ्या टर्बरव्हिल घराण्याच्या नावाची टर्बीफील्ड, एवढेच नव्हे तर ‘ट्रबलफील्ड’ अशीही रूपे आडनावांच्या कोशांत नोंदलेली आहेत. ट्रबलफील्ड म्हणजे शब्दश: ‘कष्टाचे शेत’. नॉर्मन सरदाराचे नाव मजुराच्या तोंडी बसता बसता त्याच्या आयुष्याचेच वर्णन होऊन बसले.

*

खरे टर्बरव्हिल कोण होते? त्यांचे मूळ नाव नॉर्मंडीतल्या एका खेड्याचे, असे कोशकार मानतात. वेल्समधील ग्लॅमॉर्गन जिंकणाऱ्या बारा सरदारांच्या दंतकथेत पेन द टर्बरव्हिल हे नाव येते. कादंबरीतला मूळ पुरुष पेगन डर्बरव्हिल याच्यावरूनच घेतलेला दिसतो. डॉर्सेटमधली शाखा बेअर रीजिस या गावी नांदली. कादंबरीतले किंग्जबिअर ते हेच. तिथल्या चर्चमध्ये त्यांच्या कबरी आणि त्यांच्या नावाची खिडकी आजही दाखवतात. या घराण्यात जॉर्ज टर्बरव्हिल हा सोळाव्या शतकातला कवी झाला. ससाण्यांच्या शिकारीवरचे त्याचे १५७५मधले पुस्तक प्रसिद्ध आहे. जेम्स टर्बरव्हिल हा एक्झिटरचा बिशप झाला आणि १५५९मध्ये एलिझाबेथच्या धर्मसत्तेला मान्यता न दिल्यामुळे पदावरून गेला. अठराव्या शतकात बेअरची मुख्य पुरुषशाखा संपली. डॉर्सेटचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन हचिन्सच्या जाड ग्रंथात हे सारे नोंदले आहे आणि हार्डी त्या ग्रंथाचा नेहमीचा वाचक होता.

आता हार्डीने काय केले ते पाहण्याजोगे आहे. ‘टर्बरव्हिल’मधला ‘ट’ हा नावाचाच भाग आहे. हार्डीने तो मऊ करून ‘ड’ केला, आणि मग इंग्रजी लेखनात तो ‘ड’ तोडून, वर स्वल्पविरामासारखे चिन्ह देऊन त्याला फ्रेंच ‘द’चे रूप दिले. म्हणजे नावाचा अर्थ झाला ‘अर्बरव्हिलकर’. पण खऱ्या घराण्याच्या गावाचे नाव अर्बरव्हिल नव्हते. हे गाव त्या एका चिन्हातून निपजले आहे. डर्बीफील्ड हे भ्रष्ट रूप आणि डर्बरव्हिल हे शुद्ध रूप असे कादंबरीतली शिकलेली माणसे छातीठोकपणे सांगतात, ते शुद्ध रूपच मुळी लेखकाने घडवलेले आहे. हार्डीला हे अर्थातच ठाऊक होते. वाचकाने ते लक्षात ठेवले, तर पुढच्या प्रत्येक प्रसंगाचा रंग बदलतो.

आणखी एक पुरावा हस्तलिखिताचा. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. जे. टी. लेअर्ड यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच्या लेखनाचे थर एकेक करून उलगडून दाखवले आहेत. नायिकेचे नाव लव्ह, सिस, सू, रोज-मेरी असे बदलत गेले. आडनावांत ‘ट्रबलफील्ड’ही येऊन गेले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरदारी पूर्वजांचा धागा मूळ आराखड्यात नव्हता. तो नंतर विणला गेला. गरीब घरची मुलगी, तिला फसवणारा पैसेवाला तरुण आणि तिला सोडून जाणारा आदर्शवादी नवरा ही गोष्ट पूर्वजांवाचून उभी होती. जे नंतर जोडले, ते त्या गोष्टीचे कारण कसे असेल? मला वाटते, पूर्वजांचा धागा हे या गोष्टीवरचे भाष्य आहे. ती घडत असताना लोक तिला कोणते कारण चिकटवतात, हे हार्डीला त्यातून दाखवायचे आहे.

*

कादंबरीत हे आडनाव वाचणारे तिघे आहेत.

पहिला पाद्री ट्रिंगहॅम. त्याच्या लेखी नाव हा इतिहास आहे, निरुपद्रवी छंद आहे. आपल्याकडे इनाम कमिशनच्या काळात घराण्यांना आपली कैफियत आणि सनदा सरकारपुढे ठेवाव्या लागत. तिच्यावर जमीन राहणार की जाणार हे ठरे. ट्रिंगहॅमच्या शोधावर काहीही ठरत नाही. मिळालेली माहिती अंगावर फेकून तो निघून जातो. पण ऐकणाऱ्याचे पोट हातावर असते. जॉन कामाचे बघायचे सोडून दारूच्या गुत्त्यात आपला वंश सांगत बसतो. दुसऱ्या पहाटे मधमाश्यांची पोळी बाजारात न्यायला तो उठू शकत नाही, टेस गाडी घेऊन निघते, आणि टपालगाडीच्या धडकेत घरचा एकुलता एक घोडा मरतो. सारी शोकांतिका त्या घोड्यापासून सुरू होते. रक्ताचा इथे काय संबंध? पूर्वजांची बातमी आली नसती तर घोडा जगला असता, एवढाच संबंध आहे.

दुसरा वाचक सायमन स्टोक. उत्तरेकडचा व्यापारी, कुणी म्हणत सावकार. पैसा मिळाल्यावर दक्षिणेत जाऊन जमीनदार म्हणून बसावे, तर नाव जरा भारदस्त हवे. म्हणून तो ब्रिटिश म्युझियममध्ये तासभर नष्ट झालेल्या घराण्यांची पुस्तके चाळतो, आणि डर्बरव्हिल दिसायला-ऐकायला बरे वाटले म्हणून उचलतो. यात बेकायदा काही नव्हते. कुणाला फसवण्याचा हेतू नसेल, तर इंग्लंडच्या कायद्यात कुणीही कोणतेही आडनाव घ्यावे. १८६२ साली जोशुआ बग नावाच्या गृहस्थाने, म्हणजे श्री. ढेकूण यांनी, ‘टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन ‘नॉरफोक हॉवर्ड’ हे थेट ड्यूकच्या घराण्याची आठवण देणारे नाव घेतले. लोकांनी ढेकणालाच नॉरफोक हॉवर्ड म्हणायला सुरुवात करून त्याचा सूड घेतला! हार्डीच्या वाचकांना हा किस्सा जुना नव्हता. स्टोकच्या लेखी नाव हा बाजारातला माल आहे. घोडा गेल्यावर ‘आपल्या नातलगांकडे’ मदत मागायला टेस ज्या अ‍ॅलेक डर्बरव्हिलकडे पाठवली जाते, तो याचा मुलगा. म्हणजे टेस जिथे नाते सांगायला जाते तिथे नातेच नाही.

तिसरा वाचक एंजल क्लेअर, आणि तो सर्वांत घातक. तो सुशिक्षित आहे, सुधारक आहे, जुन्या घराण्यांचा आपल्याला तिटकारा आहे असे सांगत असतो. दुधाचे कॅन स्टेशनवर पोचवायला जाताना टेस त्याला आपले मागचे आयुष्य सांगायला निघते. धीर होत नाही, म्हणून त्याऐवजी आपण डर्बरव्हिल असल्याचे सांगते. तो सुटकेने हसतो, मनातून खूश होतो. आईला सून पटवणे सोपे जाईल, असे म्हणतो. आणि आजपासून नाव शुद्ध लिहीत जा, असे तिला बजावतो. तिला तर आहे तेच बरे वाटत असते. पुढे लग्नाच्या रात्री सत्य कळल्यावर हाच माणूस त्याच नावाचा उलटा अर्थ लावतो : जीर्ण घराण्यातल्या माणसांची इच्छाशक्तीही जीर्ण, वागणूकही जीर्ण, कुळ सांगून तू मला तुझा तिरस्कार करायला आणखी एक निमित्त दिलेस. टेसचे उत्तर साधे आणि खणखणीत आहे. या भागात अशी कितीतरी घराणी आहेत, असे ती म्हणते. रेटीच्या लोकांच्याही एके काळी जमिनी होत्या. गाडीवान डेबीहाउस हे पूर्वीचे द बायो. म्हणजे रक्त हेच कारण असेल, तर सगळ्या खोऱ्याचेच वाटोळे व्हायला हवे होते. एंजलच्या सिद्धांताचा एवढा थेट प्रतिवाद कादंबरीत दुसरा कुणी करत नाही. एंजल तो ऐकत नाही, आणि आमच्या वर्गांतूनही तो ऐकला गेला नाही.

*

इथे हार्डीच्या बाजूने सगळेच ठीक आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कादंबरीत काही जागा अशा आहेत की तिथे लेखक स्वत:च एंजलच्या रांगेत जाऊन उभा राहतो. टेस अ‍ॅलेकच्या तोंडावर चामडी हातमोजा मारते, तेव्हा चिलखती पूर्वजांच्या सरावाची आठवण निवेदक काढतो. वेलब्रिजच्या वाड्यातल्या दोन क्रूर चेहऱ्यांच्या तसबिरींत तो टेसचा चेहरा शोधतो. डर्बरव्हिलांच्या भुताळी बग्गीची दंतकथा पुन:पुन्हा येते. हे सारे मला कादंबरीतले कच्चे दुवे वाटतात. राबून हात खरबरीत झालेल्या, पुन:पुन्हा डिवचल्या गेलेल्या बाईचा हात उठतो; त्याला चिलखत कशाला हवे?

पण हार्डी इथे का घसरतो ते समजण्यासारखे आहे. तो गवंडीकाम करणाऱ्या घरात १८४० साली जन्मला. त्याची आई घरकामाला राहिलेली. तरीही, की म्हणूनच, त्याला आपले घराणे जर्सी बेटावरच्या ‘ले हार्डी’ सरदारांचे वाटे. पत्नी फ्लॉरेन्सच्या नावाने १९२८ आणि १९३०मध्ये निघालेल्या, पण त्याने स्वत:च लिहून ठेवलेल्या चरित्रात तो हे सांगतो. तिथेच १८८८ सालची, ‘टेस’च्या जुळवाजुळवीच्या दिवसांतली, एक टिपणी आहे : या भागात हार्डी घराण्याची उतरंड जिथे तिथे दिसते, या आशयाची. आणि कादंबरीत डेअरीवाला क्रिक धुळीला मिळालेल्या जुन्या घराण्यांची नावे घेतो, त्यांत हार्डी हेही नाव आहे. वस्तुत: ‘हार्डी’ हे गावाचे वा जहागिरीचे नाव नव्हे, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘धीट’. ते टोपणनाव कुणालाही पडू शकले असते. आडनावाचा फोलपणा ज्याने एवढा स्पष्ट पाहिला, त्याला स्वत:च्या आडनावाचा मोह सुटला नाही. मला यात दांभिकता दिसत नाही. ज्या रोगाचे निदान तो करत होता तो त्याच्याही अंगात होता, म्हणून निदान इतके अचूक आले.

*

जॉन मरतो तेव्हा घराचा करारही संपतो, कारण तो तीन व्यक्तींच्या हयातीपुरता असतो. डर्बीफील्ड कुटुंब भाड्याच्या गाडीत संसार घालून किंग्जबिअरला येते. ठरवलेली खोली दुसऱ्याला दिलेली असते. मग टेसची आई चर्चच्या भिंतीलगत, डर्बरव्हिलांच्या खिडकीखाली, पलंग मांडते. पूर्वजांचे तळघर तरी आपल्या मालकीचे असेल ना, असा तिचा सवाल. सगळ्या वंशावळीतून या कुटुंबाच्या पदरात पडते ती एवढी जागा, भिंतीबाहेरची. आत एका कबरीवर अ‍ॅलेक दगडी पुतळ्यासारखा निजलेला असतो. तो उठतो, जमिनीवर टाच आपटतो आणि सांगतो की खाली पुरलेल्या सगळ्या खऱ्या डर्बरव्हिलांपेक्षा हा खोटा डर्बरव्हिल तुमच्या जास्त उपयोगी पडेल. तो नीच आहे, पण बोलतो ते खरे आहे.

पुढचा प्रसंग माझ्या दृष्टीने या आडनावाच्या कथेचा कळस. ब्राझीलहून खंगून परतलेला एंजल टेसला शोधत सँडबर्न या समुद्रकाठच्या गावी येतो. पोस्टमन सांगतो की डर्बीफील्ड नावाचे कुणी नाही. पण ‘द हेरन्स’मध्ये डर्बरव्हिल नाव आहे. एंजलला आनंद होतो. त्याला वाटते, तिने अखेर खरे नाव घेतले. ते नाव तिला अ‍ॅलेकची बाई म्हणून मिळालेले असते. ज्या शुद्धलेखनाचा त्याने आग्रह धरला ते असे पाळले गेले!

टेसला स्वत:चे आडनाव कधी होते का? डर्बीफील्ड बापाचे, क्लेअर नवऱ्याचे, डर्बरव्हिल अ‍ॅलेकच्या बापाने पुस्तकातून उचललेले. फ्लिंटकोम्ब-अ‍ॅशच्या खडकाळ रानात शलगम उपटताना ती मैत्रिणीला बजावते की मला मिसेस क्लेअर म्हणू नकोस. नवऱ्याचे नाव मातीत ओढायचे नाही. स्वत:च्या मरणाऱ्या बाळाला ती रात्री स्वत:च बाप्तिस्मा देते, तेव्हा त्याला ‘सॉरो’ म्हणजे दु:ख एवढेच नाव मिळते; आडनाव नाहीच. आणि डेअरीवरच्या पहाटे एंजल तिला ग्रीक देवतांची नावे देऊ लागतो, तेव्हा ती म्हणते की मला टेस म्हणा. साऱ्या कादंबरीत तिने आपल्या नावाबद्दल केलेली खरी मागणी तेवढी एकच.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापलेला आहे. पणजोबांच्या नावापुढे गाव, वतन, शिक्षण असे सगळे आहे. पणजीच्या पुढे सासरचे नाव आणि माहेरचे आडनाव. लग्नात तिचे नाव बदलले होते हे घरात सगळ्यांना माहीत होते. आधीचे नाव काय होते ते कुणी लिहून ठेवले नाही. ‘टेस’ पुन्हा वाचून झाल्यावर मी ते पान काढून बघितले. चार पिढ्यांचा अभिमान त्या पानावर नीट मांडलेला आहे, आणि त्यातल्या बाईला हाक मारायची तर नाव सापडत नाही.